छप्पर बदलायचं आहे, पण धंदा बंद ठेवता येत नाही

पावसाळा सरला की गळक्या छपरांची पत्रं येऊ लागतात. या वेळी सांगली, कुपवाड, विटा, मिरज आणि सातारा इथून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत, कारण सगळ्यांची अडचण एकच आहे: इमारत रिकामी करता येत नाही. खाली माल आहे, यंत्रं आहेत, माणसं आहेत.

प्रश्न : सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं ६० बाय १०० फुटांचं हळदीचं गोदाम आहे. पुढच्या भागात आडतीचं ऑफिस. वर चाळीसेक वर्षांपूर्वीचे सिमेंटचे पत्रे आहेत आणि चार-पाच ठिकाणी गळतं. सगळा माल हलवायला दुसरी जागा नाही. ऑफिस आणि वजनकाटा चालू ठेवून पत्रे बदलता येतील का?

येतील. मात्र कामाची आखणी फॅब्रिकेटरच्या सोयीनं न करता तुमच्या मालाच्या सोयीनं करावी लागेल.

आधी महिना ठरवा. सांगलीत नव्या हळदीची आवक जानेवारीच्या अखेरीपासून वाढत जाते आणि मेपर्यंत गोदामात पाय ठेवायला जागा नसते. एप्रिल-मेमध्ये वळीव. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, आधी वारं सुटतं आणि ताडपत्री बांधेपर्यंत सरी येतात. जूनपासून पावसाळा, ऑक्टोबरात परतीचा पाऊस. म्हणजे तुमच्या हाती दिवाळीनंतरचे दिवस उरतात, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. ‘मे महिन्यात उरकून टाकू, पावसाच्या आधी होईल’ असं सांगणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका. मेमध्ये उघडलेलं छप्पर आणि खाली भरलेलं गोदाम, यापेक्षा वाईट जोडी नाही.

आता माप. १०० फुटांत २० फुटांवर कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) असतील, तर तुमचे पाच गाळे झाले. दोन्ही पाख्यांचा उतार आणि वळचणीचा बाहेर आलेला भाग धरून छपराचं क्षेत्र साधारण ६,६०० चौरस फूट, म्हणजे ६१० चौरस मीटरच्या आसपास भरेल. जुने ६ मिलिमीटर जाडीचे सिमेंटचे पत्रे चौरस मीटरला १४ किलोच्या घरात असतात. चढ (एका पत्र्यावर दुसरा चढलेला भाग) धरला तर तुमच्या डोक्यावर नऊ टनांच्या आसपास वजन आहे. तेवढ्याच जागेला ०.५० मिलिमीटरचा रंगीत पत्रा तीन टनांच्या आत बसतो. एका मीटरची जागा झाकणारे ३३ फुटी पत्रे घेतले तर दोन्ही पाख्यांना मिळून ६२ ते ६४ लागतील. ३३ फुटी पत्रा आत येण्याइतका रस्ता नसेल तर पाख्याला दोन तुकडे घ्या, मध्ये २०० मिलिमीटरचा चढ द्या आणि त्या चढात ब्यूटाइल टेपची पट्टी लावा. स्क्रू साडेतीन हजार लागतील, चार हजार मागवा. पन्नास स्क्रू कमी पडले म्हणून संध्याकाळी एक पट्टा उघडा राहिला, असं होऊ नये.

छप्पर उघडण्याआधी आठवडाभर खालून तपासणी करा. प्रत्येक पर्लिन (कैच्यांवरची आडवी पट्टी, जिच्यावर पत्रा टेकतो) हातोडीनं वाजवून बघा, गंज खरवडा आणि खराब असेल त्यावर खडूनं खूण करा. जिथे गळतं तिथली पर्लिन बहुतेक वेळा बाहेरून बरी दिसते आणि पत्रा टेकतो तिथे वरच्या बाजूनं कुजलेली असते, म्हणून आरसा धरून वरची बाजू बघा. पर्लिनमधलं अंतर मोजा. सिमेंटच्या पत्र्यांना ते १.४ मीटरच्या आत ठेवलेलं असतं आणि तेवढ्यावर ०.५० चा पत्रा नीट बसतो. बदलायच्या पर्लिन जमिनीवरच मापात कापून, भोकं पाडून, रेड ऑक्साइडचा हात देऊन तयार ठेवा. वर जाऊन कापाकापी करायची वेळ आली की दिवस हातचा गेला.

आता माल. एक घर रिकामं ठेवून सोंगट्या सरकवाव्यात, तसं हे करायचं. पाचांपैकी फक्त कडेचा एक गाळा रिकामा करा. त्याचं छप्पर बदललं की शेजारच्या गाळ्यातली थप्पी नव्या छपराखाली सरकवा आणि तो गाळा उघडा. अशा पद्धतीनं, पहिल्या गाळ्यातला माल सोडला तर, प्रत्येक पोतं एकदाच हलतं, तेही २० फूट, आणि एकदा हललं की त्याच्यावर पक्कं छप्पर असतं. हमालांना काम कळतं आणि वाराईही (माल हलवण्याची हमाली) दोनदा पडत नाही. पहिल्या गाळ्यातला माल आठवडाभरासाठी दुसरीकडे ठेवणार असाल आणि तो बँकेकडे तारण असेल, तर हलवण्याआधी बँकेला आणि विमा कंपनीला लेखी कळवा. तारणाच्या कागदावर जागेचा पत्ता असतो. माल तिथे नसताना काही झालं तर भरपाई अडकते. छप्पर उघडणार हेही विमा कंपनीला पत्रानं कळवून पोच घ्या.

सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून करा. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. पूर्वेकडून पत्रे लावत आलं की बाजूचे सांधे वाऱ्याकडे पाठ करून राहतात आणि झड आत शिरत नाही. गोदामाचं तोंड उत्तर-दक्षिण असेल तर आढ्याची दिशा बघून हाच हिशेब लावा.

रोजच्या कामाला एकच नियम: सकाळी तेवढंच उघडायचं जेवढं चार वाजेपर्यंत झाकता येईल. वर सात-आठ आणि खाली दोन माणसं असतील तर एक गाळा, दोन्ही पाख्यांसकट, दिवसात होतो. साडेसातला सुरुवात, अकरापर्यंत जुने पत्रे खाली, जेवणाच्या सुट्टीआधी पर्लिनची दुरुस्ती, दुपारी नवे पत्रे. एका गाळ्याची दोन्ही पाखी त्याच दिवशी पूर्ण करा, म्हणजे आढ्यावरचा टोपही त्याच संध्याकाळी बसेल. एक पाखं आज आणि दुसरं उद्या असं केलं, तर रात्रभर आढं उघडं राहतं.

काम चालू असताना पाणी शिरतं ते नव्या-जुन्याच्या सांध्यातून. सिमेंटच्या पत्र्याची नाळ आणि नव्या पत्र्याचा घाट एकमेकांत बसत नाहीत. रोज संध्याकाळी त्या सांध्यावर दीड फूट रुंदीची पत्र्याची पट्टी आढ्यापासून वळचणीपर्यंत टाका, खाली फोमच्या पट्ट्या ठेवा, वर वाळूच्या पिशव्या ठेवून दोरीनं बांधा. दुसऱ्या दिवशी ती उचलून पुढे न्यायची. ढग नसले तरी हे रोज करायचं. सांगलीत डिसेंबरातही अवकाळी पाऊस पडून गेलेला आहे.

उघड्या गाळ्याच्या आतून, कैचीच्या खालच्या पट्टीला जाड ताडपत्री ताणून बांधा आणि तिला एका कोपऱ्याकडे उतार द्या. ती पाणी अडवते, पण तिचा खरा उपयोग वरून पडणारे नट, पत्र्याचे तुकडे आणि चाळीस वर्षांची धूळ अडवण्यासाठी. पडणारा माणूस ताडपत्री धरत नाही. त्यासाठी वेगळी सुरक्षा जाळी लागते.

आणखी एक गोष्ट खास गोदामांसाठी. किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लावत असाल, तर छपराचं काम आणि धुरी एकाच काळात ठेवू नका. त्या गोळ्या ओलाव्यानं विषारी वायू सोडतात. वर माणसं असताना खाली तो वायू असणं जिवावरचं आहे, आणि गळतीचं पाणी अर्धवट राहिलेल्या गोळ्यांवर पडलं तर वायू एकदम सुटतो. धुरी पूर्ण होऊन जागा हवेशीर झाल्यावरच वर शिडी लावा.

ऑफिसचा गाळा शेवटी ठेवा आणि यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी उघडा. सगळं मिळून तयारीचे दोन दिवस, गाळ्यांचे पाच आणि पन्हळ, बाजूचे पत्रे, किरकोळ कामाचे दोन-तीन. ऑफिस चालू, काटा चालू.

प्रश्न : कुपवाडला आमचा छोटा कारखाना आहे. काढलेले सिमेंटचे पत्रे गावाकडे गोठ्यासाठी न्यावेत असं घरच्यांचं म्हणणं आहे. काही जण म्हणतात, जुने काढूच नका, त्यांच्यावरच नवा पत्रा टाका. काय योग्य?

गोठ्याला नेऊ नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असताना ते सिमेंटमध्ये धरलेले राहतात. फोडला, घासला, कापला की हवेत सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. त्यांचे आजार वीस-तीस वर्षांनी उमटतात, म्हणून आज पत्रा फोडणाऱ्या मजुराला काहीच झालेलं दिसत नाही. चाळीस वर्षांच्या पत्र्याचा वरचा थर उन्हापावसानं झिजून तंतू उघडे पडलेले असतात. असा पत्रा काढताना अर्धा-अधिक फुटतो, गोठ्यावर चढवताना उरलेला फुटतो, आणि तुकडे अंगणात भर म्हणून पडतात जिथे पोरं खेळतात.

काढायची रीत अशी. आदल्या संध्याकाळी आणि काढण्याआधी फवारणीच्या पंपानं पत्रा भिजवा. पाण्यात थोडा पातळ साबण घातला तर पाणी आत मुरतं. जोरदार फवाऱ्याच्या यंत्रानं धुऊ नका, त्यानं तंतू सगळीकडे उडतात. पत्रा पर्लिनला धरणाऱ्या जे-हूकचे नट गंजून बसलेले असतात. तिथे ग्राइंडर न लावता बोल्ट कटरनं हूक तोडा. पत्रा अखंड उचलायचा, दोरीनं किंवा हातोहात खाली घ्यायचा. वरून फेकायचा नाही. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या पुढे भरतो आणि भिजल्यावर आणखी जड होतो, तेव्हा खाली दोन माणसं हवीतच. खाली आलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून चिकटपट्टी लावा. जमीन झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकीही त्याच प्लास्टिकमध्ये घाला. तोंडाला रुमाल चालत नाही. निदान पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क आणि अंगावर फेकून देता येईल असा डगला हवा. कामगारांनी तेच कपडे घालून घरी जाऊ नये.

हे पत्रे धोकादायक कचऱ्यात मोडतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयात आधी विचारून अधिकृत वाहतूक आणि विल्हेवाट ठरवा. त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या. तो लिहिलेला नसेल तर पत्रे ओढ्याच्या कडेला पडणार हे धरून चाला.

आता वरून पत्रा टाकण्याबद्दल. पर्लिन आणि कैच्या चांगल्या असतील तर हा मार्ग विचार करण्याजोगा आहे, आणि खाली खाण्याचा माल किंवा नाजूक यंत्रं असतील तर त्यात शहाणपण आहे. छप्पर कधी उघडतच नाही, तंतू उडत नाहीत, कारखाना पूर्ण चालू राहतो. पण तीन अटी आहेत. एक, जुनं आणि नवं मिळून चौरस मीटरला वीस किलोच्या पुढे वजन जातं, ते कैची पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. दोन, नवी आडवी पट्टी जुन्या पर्लिनच्या बरोबर वर आली पाहिजे आणि थेट पर्लिनलाच धरली गेली पाहिजे. त्यासाठी जुन्या हूकच्याच भोकांतून लांब हूक घाला, नवी भोकं पाडू नका. तीन, दोन पत्र्यांमधली हवा आढ्याजवळ बाहेर पडायला वाट ठेवा, नाही तर मध्ये ओल धरते. गळतीनं पर्लिनच कुजलेल्या असतील तर हा मार्ग बंद. कुजलेल्यावर झाकण घालून काही साधत नाही.

आणि कोणत्याही मार्गानं जा, जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर मोकळं चालू देऊ नका. तो वरून दगडासारखा वाटतो आणि पावलाखाली बिस्किटासारखा तुटतो. मधले उजेडाचे पत्रे त्याहून धोकादायक, कारण धूळ बसून किंवा रंग लागून ते बाकीच्यांसारखेच दिसू लागतात. दोन-तीन पर्लिनवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकूनच चालायचं, कमरेला नुसता पट्टा न बांधता पूर्ण अंगाचा हार्नेस घालायचा, आणि त्याची दोरी कैचीला किंवा ताणलेल्या तारदोराला अडकवायची. जमेल तिथे खालून परांची लावून पत्रे काढा.

प्रश्न : विट्याला आमची यंत्रमागाची शेड आहे. पत्रा ०.३५ चा घ्यावा की ०.५० चा? शेजारच्या शेडचे पत्रे वळवाच्या वाऱ्यात उडाले, त्यामुळे धास्ती आहे.

०.५० चा घ्या. ०.३५ च्या पत्र्यावर पर्लिनच्या मध्ये पाय पडला की पोचा येतो, त्या पोच्यात पाणी थांबतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. घेताना विचारा की ०.५० ही जाडी रंगासकट आहे की आतल्या पोलादाची. दोन्हींत फरक असतो आणि भाव मात्र मोठ्या आकड्याचा लावला जातो. पत्र्याच्या पाठीवर कंपनीचं नाव, जाडी आणि लेपाचा आकडा छापलेला असतो. जस्त-अॅल्युमिनियमचा लेप चौरस मीटरला १५० ग्रॅमचा बघा. मायक्रोमीटर घेऊन टेम्पोतले तीन-चार पत्रे उतरवण्याआधी मोजा.

पण पत्रे उडतात ते बहुतेक वेळा जाडीमुळे उडत नाहीत. उदाहरण म्हणून, पुण्यासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाला चौरस मीटरवर नव्वद किलोच्या आसपास दाब येतो. छपराच्या कडा आणि कोपऱ्यांत हा वारा पत्रा वर ओढतो, आणि तिथली ओढ मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त असते. नव्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला साडेचार किलो. वजनाच्या भरवशावर तो थांबत नाही, स्क्रूवर थांबतो. म्हणून मधल्या भागात एक सोडून एक उंचवट्यावर स्क्रू चालेल, पण वळचण, आढं आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्यांत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. बाजूच्या सांध्याला दर अर्ध्या मीटरवर छोटा स्क्रू. उंचवट्यावर लावायचा स्क्रू निदान ५५ मिलिमीटर लांबीचा घ्या, पर्लिनमध्ये त्याचे आटे पूर्ण शिरले पाहिजेत.

स्क्रू बसवताना जवळून बघा. डोक्याखाली काळ्या रबराचा वॉशर असतो. तो दाबून धातूच्या टोपीच्या कडेपर्यंत जेमतेम आला की थांबायचं. बोटानं फिरवल्यावर फिरत असेल तर कमी झाला. टोपीबाहेर ओघळून आला असेल, किंवा स्क्रूभोवती पत्र्याला वाटीसारखा खड्डा पडला असेल, तर जास्त झाला. तो खड्डा पुढे पाणी साठवतो आणि रबर दोन उन्हाळ्यांत फाटतं. ड्रिल मशीनचा क्लच लावून काम करणारा मिस्त्री निवडा. पूर्ण जोरानं स्क्रू ठोकत जाणारा लवकर काम संपवतो आणि तिसऱ्या वर्षी शेड गळते.

वरच्या सांगलीच्या गोदामासारखे नऊ टन उतरवून तीन टन चढवले की कैची आणि खांब हलके होतात, त्यामुळे वारा त्यांना वर उचलू पाहतो. तेव्हा कैची खांबाला आणि खांब पायाला किती पक्के धरलेत हेही तपासा. विट्याला पुराचा प्रश्न नाही, पण सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या शेडमध्ये पाणी शिरलं तिथे लोखंडी खांबांची बुडं आणि पायाचे बोल्ट खरवडून बघितल्याशिवाय हलकं छप्पर चढवू नये.

यंत्रमागाच्या शेडमध्ये आणखी एक भीती आहे ती आगीची. कैचीवर, पर्लिनवर, पंख्यांवर कापसाची बारीक लव साचलेली असते. एक ठिणगी पुरते, आणि ती लव तासभर धुमसून मग पेट घेते. शक्य तिथे वेल्डिंग टाळून नटबोल्टवर काम करा. वेल्डिंग करावंच लागलं तर त्या गाळ्यातली लव आधी साफ करा, सुताचे कोन हलवा, खाली ओलं बारदान अंथरा, सहा किलोचं अग्निशामक हाताशी ठेवा. वेल्डिंग संपल्यावरही तासभर एक माणूस तिथेच बसवा. रंगीत पत्रा ग्राइंडरनं कापू नका. कडेचा लेप जळतो आणि लोखंडाचा कीस पत्र्यावर चिकटून दुसऱ्या दिवशी तांबडे ठिपके उमटतात. कात्रीनं किंवा निबलरनं कापा आणि रोज संध्याकाळी मऊ ब्रशनं कीस झाडा.

पत्र्याचा रंग पांढुरका घ्या. सिमेंटच्या पत्र्याच्या मानानं लोखंडी पत्रा उन्हात जास्त तापतो आणि थंडीत पहाटे आतून घामेजतो. ते थेंब थेट मागावरच्या कापडावर पडतात. खाली निदान ५० मिलिमीटर काचलोकर जाळीवर अंथरून घ्या आणि आढ्यावर हवा फिरायला टर्बो पंखे बसवा. हे नंतर करू म्हटलं तर पुन्हा पत्रे सोडावे लागतात.

प्रश्न : मिरजेत आमचं लहान हॉस्पिटल आहे. तिसऱ्या मजल्यावरचा स्लॅब गळतो. वर जुना विटांचा कोबा आहे. खालच्या मजल्यांवर रुग्ण असताना कोबा काढून नवीन वॉटरप्रूफिंग करता येईल का?

करता येईल, पण आवाजापेक्षा धुळीचा विचार आधी करा. जुन्या बांधकामाच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. धडधाकट माणसाला त्यांचं काही होत नाही, पण केमोथेरपी चालू असलेल्या, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या फुफ्फुसात त्यांचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. म्हणून पहिली बैठक कॉन्ट्रॅक्टरशी न घेता तुमच्या डॉक्टरांशी आणि सिस्टरांशी घ्या. असे रुग्ण खालच्या मजल्यावर हलवा, तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या चिकटपट्टीनं बंद करा, एसीची बाहेरची हवा ओढणारी तोंडं झाका, आणि मजुरांना रुग्णांच्या जिन्यानं व लिफ्टनं ये-जा करू देऊ नका. बाहेरून परांचीचा वेगळा रस्ता करा. राडारोडा झाकलेल्या नळकांड्यातून खाली सोडा आणि कोबा फोडताना पाणी मारत राहा.

कोबा चार ते सहा इंचांचा असतो आणि चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे वजन देतो. तो काढला की स्लॅब हलका होतो, हे चांगलंच. पण फोडलेला राडा एका कोपऱ्यात ढीग करून ठेवायची सवय सगळीकडे आहे. वर्दळीच्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलोच्या भाराला धरून केलेला असतो. फूटभर उंचीचा ढीग त्याच्या दुप्पट-अडीचपट होतो. ज्या दिवशी फोडलं त्याच दिवशी खाली गेलं पाहिजे. मोठं ब्रेकर मशीन वापरू नका. त्यानं खालच्या छताचं प्लास्टर सुटतं आणि ते रुग्णाच्या खाटेवर पडतं. हातछिन्नी किंवा हलकी मशीन, रोज सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा. ऑपरेशनच्या वेळा फळ्यावर लिहून कॉन्ट्रॅक्टरला द्या.

गच्चीचे तीन-चार भाग करा आणि एक पूर्ण होऊन त्यात पाणी साठवून चाचणी झाल्याशिवाय दुसरा उघडू नका. चाचणीला दोन इंच पाणी ४८ तास ठेवा, खालून ओल बघा. उघड्या पडलेल्या सळया गंजल्या असतील तर गंज साफ करून गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरनं भरा. नुसतं सिमेंट चोपडून झाकू नका. उतार शंभराला एक यापेक्षा कमी नको आणि पाण्याच्या तोंडाजवळ लेप भिंतीवर फूटभर चढवा. गळती बहुतेक वेळा सपाट भागातून होत नाही, भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यातून आणि पाइपाच्या तोंडाभोवती होते.

गच्चीवर पत्र्याची शेड टाकून मोकळं व्हावं असं कुणी सुचवलं तर थांबा. तिला महापालिकेची परवानगी लागते, आणि तिचे खांब स्लॅबमध्ये भोकं पाडून बसवले तर गळतीची नवी ठिकाणं तयार होतात.

प्रश्न : साताऱ्यात पेठेत आमचं दुमजली लाकडी दुकान आहे. मंगलोरी कौलं काढून पत्रा टाकावा का? गल्ली अरुंद आहे.

वासे आणि रिपा चांगल्या असतील तर कौलं ठेवा. फुटकी बदला आणि कौलांखाली रिपांच्या खालून वॉटरप्रूफ कागद टाका. हे काम पाच-सहा फुटांच्या पट्ट्यानं होतं आणि खाली दुकान चालू राहतं. कौलं हातोहात काढून त्याच पाख्यावर ढीग करू नका, खाली घ्या. वासे वाकलेले असतील तर आधी ते बदला. हलका पत्रा टाकून वाकलेला वासा सरळ होत नाही.

पत्राच टाकायचा ठरला तर गल्लीतल्या विजेच्या तारांकडे बघा. लांब पत्रा वर ओढताना त्याचं टोक कुठे फिरतं हे खालच्या माणसाला दिसत नाही. महावितरणकडे आधी अर्ज करून ठरलेल्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्या आणि पत्रे सकाळी सहा ते आठमध्येच वर न्या. आठ-दहा फुटी तुकडे घ्या, चढ थोडे वाढले तरी चालतील. वारा सुटला की पत्रा हातात धरायचा नाही, बांधून ठेवायचा. शेजाऱ्याच्या भिंतीवर पाणी पडणार नाही अशी पन्हळ आधी बसवा, मग पत्रे.

प्रश्न : पन्हळ आणि पाण्याचे पाइप किती घ्यावेत? आणि कॉन्ट्रॅक्टरचे पैसे कसे द्यावेत? (कुपवाड)

तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरून हिशेब करा. वळवाच्या जोरदार सरीत तेवढा काही मिनिटं पडतो. एका पाख्याचं क्षेत्र ३०० चौरस मीटर असेल तर सेकंदाला आठ-साडेआठ लिटर पाणी पन्हळीत येतं. १०० फुटांच्या लांबीला सहा इंची तीन पाइप द्या. चार इंची दोन पाइप देऊन भागवलेल्या शेडमध्ये पाणी पन्हळीच्या मागच्या काठावरून आत येतं आणि लोक पत्र्याला दोष देतात. दोन शेडमधली सामाईक पन्हळ असेल तर ती माणूस आत उभा राहून साफ करू शकेल इतकी रुंद ठेवा.

पैसे गाळ्याप्रमाणे द्या. गाळा पूर्ण, सांधा झाकलेला, कीस झाडलेला, जुने पत्रे गुंडाळून हलवलेले, मग त्या गाळ्याचा हप्ता. माल आणायला आगाऊ रक्कम द्यावी लागते, ती पत्रे आणि स्क्रू दारात उतरल्यावर द्या. दहा टक्के पुढच्या सप्टेंबरपर्यंत राखून ठेवा आणि करारात तसं लिहा. नोव्हेंबरात पाण्याच्या पाइपनं छपरावर पाणी मारून घेतलेली चाचणी वरून खाली वाहणारं पाणी दाखवते. वाऱ्यासोबत आडवी येणारी झड ती दाखवत नाही, ती जुलै-ऑगस्टातच कळते. त्या दोन महिन्यांत पाऊस चालू असताना आतून फिरा, जिथे ओल दिसेल तिथे कैचीचा क्रमांक आणि वळचणीपासूनचं अंतर लिहून ठेवा. पाऊस थांबल्यावर जागा सापडत नाही.